दुखणे उलटू नये म्हणून

आज १५ फेब्रुवारी, आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन. २००२ पासून तो जगभर पाळला जातो. आजही सोनेरी फिती लावल्या जातील, कुठल्या रुग्णालयात जादूचे प्रयोग होतील, कुठे बऱ्या झालेल्या मुलांच्या हस्ते केक कापला जाईल. त्यात वावगे काही नाही. ज्या घरांनी दोन-तीन वर्षे इस्पितळाच्या बाकांवर काढली, त्यांच्या वाट्याला एक हसरा दिवस येत असेल तर त्यावर नाक मुरडणारे आपण कोण? पण या समारंभांत एक शब्द टाळला जातो. मुलांच्या ब्लड कॅन्सरच्या वॉर्डात मात्र तो रोज कानावर येतो: रिलॅप्स. गावाकडची माणसे म्हणतात, दुखणे उलटले. पहिल्या निदानाच्या दिवशी न रडलेले बापही हा शब्द ऐकून भिंतीला टेकून खाली बसतात. आज त्याविषयीच लिहायला हवे. कारण कुणाचे दुखणे उलटेल आणि कुणाचे नाही, याचा अंदाज बांधण्याचे शास्त्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत खूपच पुढे गेले. आपल्याकडच्या सगळ्या मुलांपर्यंत मात्र ते अजून पोहोचलेले नाही.

मुलांना होणाऱ्या कर्करोगांत सर्वांत जास्त आढळतो तो ल्युकेमिया, आणि त्यातही सुमारे तीन चतुर्थांश मुलांना असतो अॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘एएलएल’. ताप हटत नाही, मूल फिकट पडते, पाय दुखतात म्हणून कडेवर घ्यायला सांगते, कुठे आपटले नसताना अंगावर काळेनिळे डाग उठतात. श्रीमंत देशांत या आजाराची दहापैकी नऊ मुले आज बरी होतात. उरलेल्या दहाव्याचे काय, आणि आपल्याकडे हा हिशेब दहापैकी नऊ असा का लागत नाही, हे दोन प्रश्न वेगळे वाटले तरी त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

दुखणे उलटायला आधी उतार पडावा लागतो. १९४८ पूर्वी या आजारात उतार पडणेच नव्हते. निदान झाले की काही आठवडे, फार तर काही महिने. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४७-४८च्या हिवाळ्यात अमिनोप्टेरिन नावाचे औषध या मुलांना टोचले आणि त्यांच्या रक्तातल्या रोगट पेशी पहिल्यांदाच ओसरल्या. जून १९४८मध्ये त्यांनी १६ मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १० जणांत सुधारणा दिसली होती. ती टिकली नाही. काही महिन्यांत आजार परत आला, आणि वैद्यकाला ‘रिलॅप्स’ या शत्रूची खरी ओळख तेव्हा पटली. हे औषध घडले ते लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत, आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली. आणि या गोष्टीचा आरंभ शोधत मागे गेले तर आपण येऊन पोहोचतो मुंबईत. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली, ती गरोदर गिरणी कामगार बायकांच्या पंडुरोगाचे कारण शोधायला. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइटने त्या बायकांचे रक्त सुधारते, हे तिने १९३१ साली छापले. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. ज्याच्यावाचून पेशी वाढत नाहीत ते अडवले तर रोगट पेशींचीही वाढ थांबेल, या विचारातून अमिनोप्टेरिन आले आणि त्याच्या पाठोपाठ मेथोट्रेक्झेट. परळच्या टाटा रुग्णालयातून घरी निघालेल्या मुलाच्या पिशवीत आठवड्यातून एकदाच घ्यायच्या ज्या लहानशा पिवळ्या गोळ्या असतात, त्या याच मेथोट्रेक्झेटच्या.

पुढे मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी एकेक औषध देण्याऐवजी अनेक औषधे एकत्र गुंफली, मेंदूत दडून बसणाऱ्या पेशींचा वेगळा बंदोबस्त केला, आणि १९६०चे दशक संपता संपता निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली. त्याच रुग्णालयाने २००९ साली जाहीर केलेल्या आकड्यानुसार पाच वर्षांनंतर ९३.५ टक्के मुले हयात होती. निम्म्यावरून नव्वदीपार जाण्याच्या या प्रवासात नवी औषधे किती आली असे विचारले तर उत्तर चकित करणारे आहे: फारशी नाहीत. व्हिन्क्रिस्टिन, स्टिरॉइड, अॅस्पॅरॅजिनेज, मर्कॅप्टोप्युरिन, मेथोट्रेक्झेट ही पलटण १९७०च्या सुमारास जवळजवळ पूर्ण होती. बदलले ते एवढेच, की कुणाला किती द्यायचे हे कळू लागले.

सुरुवातीला कळण्याची साधने दोनच होती: वय आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा. एक ते दहा वर्षांचे मूल आणि पांढऱ्या पेशी ५० हजारांच्या आत, तर धोका कमी, एरवी जास्त. ही फूटपट्टी आजही कामाची आहे, पण ती ओबडधोबड आहे. तिच्या मते ‘कमी धोक्याच्या’ असलेल्या मुलांतही काहींचा आजार उलटायचा आणि तो का, हे कुणाला सांगता येत नसे. उत्तर त्या रोगट पेशींच्या आत, गुणसूत्रांत होते.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या मुलांच्या रोगट पेशींत कधी ती ५१च्या वर जातात, कधी ४४च्याही खाली येतात, कधी दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना चुकीच्या जागी चिकटतात. हे बघायची एक चाचणी म्हणजे ‘फिश’. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या तंत्रज्ञाला पेशीचे केंद्रक निळे दिसते. त्यात १२व्या गुणसूत्रावरच्या ठरावीक जनुकाच्या जागी हिरवा ठिपका चमकतो आणि २१व्या गुणसूत्रावरच्या जनुकाच्या जागी लाल. निरोगी पेशीत दोन हिरवे, दोन लाल. ती दोन जनुके तुटून एकमेकांना जोडली गेली असतील तर लालवर हिरवा बसून पिवळा ठिपका उमटतो. पिवळा दिसला की तंत्रज्ञाचा जीव भांड्यात पडतो, कारण ‘ईटीव्ही६-रनएक्स१’ नावाचा हा जोड असलेली बहुतेक मुले साध्या उपचारांनी बरी होतात. पाश्चात्त्य देशांत या आजाराच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांत तो सापडतो. भारतातल्या अनेक अभ्यासांत त्याचे प्रमाण त्याहून कमी आढळले आहे. आपल्याकडचे निकाल थोडे मागे असण्याचे एक कारण तेही असू शकेल, सगळे खापर इस्पितळांवर फोडता येणार नाही.

पण त्याच काचपट्टीवर कधी भलतेच दिसते. पिवळा ठिपका नसतो, आणि लाल ठिपके दोनाऐवजी पाच, सहा, सात, एकाच जागी दाटीवाटीने बसलेले. म्हणजे २१व्या गुणसूत्राचा एक तुकडा स्वतःच्याच नकला काढत सुटला आहे. शंभरात साधारण दोन मुलांत हे आढळते, आणि ती बहुधा जरा मोठी, शाळकरी मुले असतात. ‘आयएएमपी२१’ असे रुक्ष नाव असलेल्या या दोषाची नीट ओळख या शतकाच्या सुरुवातीला पटली. तोवर अशा मुलांना त्यांच्या वय-आकड्याप्रमाणे साधा उपचार मिळे. ब्रिटनमध्ये अशा उपचारानंतर पाच वर्षांत ७० टक्के मुलांचा आजार उलटला होता. पुढच्या चाचणीत हा दोष दिसताच त्या मुलांना सुरुवातीपासून जोरकस केमो देण्यात आली, आणि आजार उलटण्याचे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेले हे दोन आकडे आमच्या मते या सगळ्या विषयाचे सार आहेत. गुणसूत्रातला दोष तोच, फक्त तो वेळेवर कळला.

म्हणून ‘वाईट जनुक’ हा शब्दप्रयोग जपून करायला हवा. आजार उलटण्याचा धोका जनुकात कोरलेला नसतो. तो अमुक दोष आणि तमुक उपचार यांच्या जोडीचा असतो. फिलाडेल्फिया गुणसूत्राचे पाहा. १९६० साली त्या शहरात ते पहिल्यांदा दिसले, १९७३ साली जॅनेट राउली यांनी ते ९व्या आणि २२व्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून होते हे दाखवले. एएलएल झालेल्या मुलांपैकी तीन ते पाच टक्क्यांत ते असते, आणि पूर्वी ते असणे म्हणजे जवळजवळ मृत्युलेखच होता. इमॅटिनिब हे त्याच दोषावर नेम धरणारे औषध केमोच्या जोडीला आले आणि २००९च्या अमेरिकी अहवालात तीन वर्षे आजाराविना काढणारी मुले ३५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलेली दिसली. वर्षाच्या आतल्या तान्ह्या बाळांचा ल्युकेमिया हा तर बालकर्करोगतज्ज्ञांचा कायमचा सल. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश बाळांत ‘केएमटी२ए’ हे जनुक तुटलेले असते आणि निम्म्यांहून अधिक बाळांचा आजार उलटायचा किंवा ती दगावायची. २०२३ साली अशा ३० बाळांना केमोबरोबर ब्लिनाट्युमोमॅब हे प्रतिपिंडाचे औषध दिल्याचा वृत्तान्त आला. दोन वर्षांनी आजारमुक्त असलेली बाळे ८१.६ टक्के, आधीच्या काळात हाच आकडा ४९.४ होता. तीस बाळे म्हणजे लहानच गट, पण या बाळांच्या बाबतीत इतकी चांगली बातमी याआधी आलेली नव्हती.

अर्थात जनुकाचा कौल एकट्याने पुरत नाही. चांगल्या जोडाची मुलेही कधी कधी, उपचार संपल्यावर काही वर्षांनी, आजार घेऊन परत येतात. म्हणून दुसरी मोजणी लागते. पहिल्या महिन्याच्या केमोनंतर मुलाचा मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा, सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसतो, पण शेत स्वच्छ दिसले म्हणजे हरळी गेली असे नव्हे. मातीत एक कांडे राहिले तरी ती पुन्हा फुटते. ते राहिलेले कांडे हुडकण्याच्या मोजणीला ‘एमआरडी’ म्हणतात. दहा हजार पेशींत एक रोगट पेशी उरली असेल तरी ती सापडते, आणि जगभरातल्या बहुतेक उपचारपद्धतींत पुढचा रस्ता या ०.०१ टक्क्याच्या रेषेवर ठरतो. ब्रिटनच्याच अभ्यासातून आणखी एक बारकावा पुढे आला: हा आकडा सगळ्या मुलांत सारखा अर्थ सांगत नाही. चांगल्या जनुकाच्या मुलात जेवढी शिल्लक चालून जाते, तेवढीच वाईट जनुकाच्या मुलात घातक ठरू शकते. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात.

आजार उलटतो तेव्हा तो बहुधा नवा नसतो. निदानाच्या दिवशीच रोगट पेशींच्या गर्दीत एखादी छोटी टोळी अशी असते जिच्यात औषधाला न जुमानणारा बदल झालेला असतो, किंवा उपचार चालू असताना तो होतो. केमोने बाकीच्या मरतात, तिला रान मोकळे मिळते. मर्कॅप्टोप्युरिनला निष्प्रभ करणारे असे बदल उलटलेल्या आजाराच्या पेशींत २०१३ साली सापडले आणि वर्षानुवर्षांचे एक कोडे थोडे सुटले.

इथे एका गैरसमजाविषयी बोलणे भाग आहे, कारण त्याने घरे मोडतात. अहवालात जनुक, गुणसूत्र असे काही वाचले की पहिला प्रश्न येतो, ‘हे कुणाच्या बाजूने आले?’ आणि आपल्याकडे तो प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेले असते. ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ हे वाक्य सुनेच्या तोंडावर, ओपीडीच्या रांगेत, सगळ्यांदेखत फेकले जाते. वस्तुस्थिती अशी की हे बिघाड रोगट पेशींतले असतात. मुलाच्या बाकीच्या शरीरात ते नसतात, आईबापाकडून आलेले नसतात आणि भावंडांकडेही जात नाहीत. ईटीव्ही६-रनएक्स१चा जोड तर बहुधा गर्भातच, योगायोगाने होतो. नवजात बाळांच्या रक्ताच्या नमुन्यांवर ब्रिटिश शास्त्रज्ञ मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून दिसले की शंभरातल्या साधारण एका बाळात तो जन्मतः असतो आणि त्यांतल्या फार थोड्यांना पुढे आजार होतो. पहिल्या बिघाडानंतर दुसरा व्हावा लागतो. आईने गरोदरपणी काय खाल्ले, ग्रहणात बाहेर पडली का, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. अपवाद आहेत: डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत ल्युकेमियाचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो, आणि गुणसूत्रे फार कमी झालेल्या एका विरळ प्रकारात ‘टीपी५३’ या जनुकाचा वारशाने आलेला दोष आढळतो. या दुसऱ्या अपवादात घरातल्या इतरांची तपासणी करावी लागते. पण ते सांगायचे काम समुपदेशकाचे आहे, सासूचे नाही.

आता आपल्याकडचे बोलू. जनुकीय चाचण्यांचा विषय काढला की प्रशासनातले, आणि वैद्यकातलेही, काही जाणते म्हणतात: आधी सगळ्यांना साधी केमो तर मिळू द्या, ही श्रीमंतांची चैन नंतर बघू. हे म्हणणे वरवर गरिबांच्या बाजूचे वाटते. आम्हाला ते पूर्ण उलटे वाटते. श्रीमंत देशात जरुरीपेक्षा जास्त केमो मिळालेले मूल बहुधा निभावून जाते. ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक, प्लेटलेट हाताशी, वेगळी खोली, घरी भरपूर दूधदुभते. आपल्याकडे तेच मूल वजनाने आधीच कमी, पांढऱ्या पेशी शून्यावर आल्या असताना रात्री ताप चढला तर जवळचे इस्पितळ साठ किलोमीटरवर आणि एसटी सकाळची. कर्करोगाने नव्हे तर उपचार चालू असताना जंतुसंसर्गाने दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण आपल्याकडे श्रीमंत देशांच्या कितीतरी पट आहे, हे भारतीय केंद्रे स्वतःच वर्षानुवर्षे लिहीत आली आहेत. अशा ठिकाणी कोणत्या मुलाला कमी केमो पुरेल हे कळणे हाच जीव वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत एमआरडी कमी असलेल्या मुलांना जोरकस केमोचा एक टप्पा वगळून बघितला. आजार उलटण्याचे प्रमाण वाढले नाही. तिथे त्यातून त्रास वाचला, आपल्याकडे मुले वाचतील. चाचणी हवी ती ज्याच्याकडे चुकण्याची ऐपत नाही त्याला.

आपल्या डॉक्टरांना हे कळत नाही असे मुळीच नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने मुंबईचे टाटा मेमोरियल, चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचे ‘एम्स’ यांनी ‘एमसीपी-८४१’ ही सुटसुटीत उपचारपद्धती राबवली. देशभरातल्या रुग्णालयांनी ती पुढे अनेक वर्षे वापरली आणि असंख्य मुले तिने वाचवली. टाटामध्ये त्या काळात सुरेश अडवाणी होते. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसून काम करणाऱ्या याच डॉक्टरांनी १९८३ साली देशातले पहिले बोन मॅरो प्रत्यारोपण केले. पण एमसीपी-८४१ची मर्यादा हीच होती की ती सगळ्यांना एका मापाचा सदरा शिवत होती. ते बदलण्यासाठी दिल्ली, चंडीगड, कोलकाता, मुंबई, चेन्नई इथल्या केंद्रांनी एकत्र येऊन ‘आयसिकल’ हा गट स्थापला आणि वय, पेशींचा आकडा, जनुकीय दोष व एमआरडी असे सगळे जमेस धरून उपचार ठरवणारी चाचणी हाती घेतली. खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे ‘अॅक्ट्रेक’मध्ये एमआरडीची मोजणी जगातल्या कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेच्या तोडीची होते. म्हणजे विद्या इथे आहे, माणसे इथे आहेत. नाही ती गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलाच्या मॅरोचा नमुना वेळेत तिथवर पोहोचवण्याची सोय, आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे याचे उत्तर. सरकारी योजनांत केमोचे पॅकेज बसते. निदान पक्के होईपर्यंतचा खर्च मात्र बऱ्याचदा बापाच्या खिशातून, म्हणजे सावकाराच्या किंवा सोनाराच्या दुकानातून जातो. घरातले कुणी तरी मग डॉक्टरांना विचारते, ‘ही एक तपासणी नाही केली तर चालेल का?’ आणि समोरची लांबलचक रांग बघून डॉक्टरही कधी कधी मान डोलावतात.

आजार उलटण्याचा धोका जनुकांबाहेरही असतो. केमोचे सुरुवातीचे तीव्र टप्पे संपले की दीड-दोन वर्षांचा मेंटेनन्सचा काळ सुरू होतो. मूल दिसायला बरे असते, केस आलेले असतात, शाळेत जाऊ लागते. औषध म्हणजे रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट. मर्कॅप्टोप्युरिनची गोळी मिळते ५० मिलिग्रॅमची. मुलाला लागतात, समजा, पस्तीस-चाळीस. मग आई सुरीने गोळीचे तुकडे करते. सोमवार ते गुरुवार एक, शुक्रवार ते रविवार अर्धी, असे डॉक्टरांनी सांगितलेले असते. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्याशेजारी फुल्या आणि अर्ध्या फुल्या पडतात. लग्नसराईत, जत्रेत, पेरणीच्या दिवसांत त्या फुल्या विरळ होतात. पोर तर हसतेखेळते आहे, एवढे विष कशाला, असे आजीला वाटते आणि तिची माया कुणाला खोटी म्हणता येत नाही. पण अमेरिकेत स्मिता भाटिया यांनी केलेल्या अभ्यासांत स्पष्ट दिसले की शंभरातल्या ९५हून कमी गोळ्या पोटात गेलेल्या मुलांचा आजार लक्षणीयरीत्या जास्त उलटतो. पाच गोळ्या चुकल्या काय आणि न चुकल्या काय, असे म्हणायची सोय नाही. गंमत अशी की इथेही जनुके आडवी येतात, फक्त या वेळी ती मुलाच्या स्वतःच्या शरीरातली. ‘एनयूडीटी१५’ या जनुकाचा एक प्रकार आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा बराच जास्त आढळतो; तो असलेल्या मुलांना मर्कॅप्टोप्युरिनचा नेहमीचा डोस सोसत नाही. रक्त फार उतरते, औषध वारंवार बंद करावे लागते. आधी कळले तर डोस बेताचा ठरवता येतो.

उपचार अर्धवट सोडणे हा तर आपल्याकडचा जुनाच आजार. त्यावर उपाय सापडलेला आहे, आणि तो औषधाच्या बाटलीत नाही. दादरची गाडगेमहाराज धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, २००६ पासून काम करणारी ‘सेंट ज्यूड इंडिया’ची निवासकेंद्रे यांनी राहायला जागा, स्वयंपाकाला शेगडी आणि सोबतीला त्याच दुःखाची चार माणसे दिली. टाटाच्या बालकर्करोग विभागाने मदतनिधी, समाजसेवक आणि न आलेल्या मुलांना फोन करून परत बोलावणारी यंत्रणा उभी केली आणि तिथे उपचार सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण कमालीचे घटले. वर्तमानपत्रात या गोष्टींचा मथळा होत नाही. त्या न होत्या तर दादरच्या पुलाखाली झोपणाऱ्या बापाने चौथ्या महिन्यात गावची गाडी धरली असती.

मथळे होतात ते नव्या औषधांचे, आणि ती खरोखरच थक्क करणारी आहेत. २०१२ साली फिलाडेल्फियात दोनदा आजार उलटलेल्या एका मुलीला तिच्याच टी-पेशी बदलून परत दिल्या आणि ती बरी झाली. तीच ‘कार-टी’ पद्धत आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी देशात विकसित केली, एप्रिल २०२४मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. किंमत परदेशातल्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आली. तरीही ती लाखोंच्या घरात आहे, आणि पहिली मंजुरी मिळाली ती पंधरा वर्षांवरच्या रुग्णांसाठी. ब्लिनाट्युमोमॅबबद्दल डिसेंबर २०२४मध्ये आणखी मोठी बातमी आली: टोरांटोचे सुमित गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ठरीव मापाने साध्या धोक्याच्या पण एमआरडी व जनुकीय तपासणीत थोडा जास्त धोका दिसलेल्या मुलांना ते सुरुवातीच्या उपचारांतच दिले, तेव्हा तीन वर्षांनी आजारमुक्त मुलांचे प्रमाण ८७.९वरून ९६ टक्क्यांवर गेले. हे औषध नेमके कुणाला द्यायचे हेही पुन्हा त्याच दोन चाचण्यांनी ठरले. औषध महाग आहे म्हणून हळहळायचे आणि ते कुणाला लागणार नाही हे सांगणारी, त्यामानाने किरकोळ किमतीची तपासणी टाळायची, याला काटकसर म्हणत नाहीत. उलटलेल्या आजाराचा उपचार पहिल्या उपचाराच्या अनेक पट महाग असतो आणि यशाची शक्यता बरीच कमी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली उद्दिष्ट ठेवले की २०३०पर्यंत कर्करोग झालेली किमान ६० टक्के मुले जगात सगळीकडे वाचावीत. महाराष्ट्राने ६०वर समाधान मानू नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत निदानाच्या दिवसाचे फिश, गुणसूत्र तपासणी आणि महिनाअखेरचे एमआरडी हे केमोच्या पॅकेजचाच भाग धरावे, त्यासाठी वेगळ्या मंजुरीची चिठ्ठी मागू नये. प्रत्येक जिल्ह्यात प्रयोगशाळा उभारायची गरज नाही. मुंबई, पुणे, नागपूर इथल्या तीन-चार प्रयोगशाळा आणि नमुना थंड पेटीतून दुसऱ्या दिवशी पोहोचवणारी कुरिअर व्यवस्था एवढ्यावर राज्याचे काम भागेल. क्षयरोगाच्या थुंकीचे नमुने आपण असे फिरवतोच.

आणि एक विनंती, मंत्रालयाला नव्हे, तालुक्याच्या डॉक्टरांना. पंधरा दिवस ताप, सांधेदुखी, फिकटपणा असलेले मूल दवाखान्यात आले की डेक्सामेथासोनचे एक इंजेक्शन टोचायचा मोह होतो. दुसऱ्या दिवशी मूल उठून बसते, घरचे खूश, डॉक्टरांचा हातगुण गावभर. पण ते मूल ल्युकेमियाचे असेल तर त्या स्टिरॉइडने रोगट पेशी तात्पुरत्या वितळलेल्या असतात. तीन आठवड्यांनी ते टाटात पोहोचते तेव्हा मॅरोचे चित्र धूसर झालेले असते, पेशी मोजायला पुरत नाहीत, लाल-हिरवे ठिपके बघायला काही उरलेले नसते, आणि पहिल्या दिवशी पांढऱ्या पेशी किती होत्या हे कुणालाच माहीत नसते. तेव्हा इंजेक्शनआधी साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा आणि रक्ताचा स्मिअर एखाद्या जाणत्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये ते काही शे रुपयांत होते.